झडती न घेणारा माणूस

उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा, मनगट हवेत एकदा गोल फिरवायचं आणि तबल्यावर थाप मारावी तसं एंटरच्या बटणावर बोट आपटायचं. मग खुर्चीत मागे रेलून, समोरच्या माणसाकडे न पाहता छताकडे पाहत म्हणायचं, "गेलं सर्व्हरवर! आता काळजी सर्व्हरले."

आमच्या मंगरूळपीरमध्ये वेबसाइट बनवून देणारा हा एकमेव गृहस्थ. त्याचं नाव मी लिहीत नाही. एक तर तो हे वाचेल, आणि वाचल्यावर फोन करून "मॅडम, माहा फोटो काहून नाही टाकला?" असं विचारील. तुम्ही दोघं नातवंडं मला नेहमी विचारता की आजी, तुमच्याकडे कम्प्युटरचं काम बघणारा तो माणूस होता तरी कसा. त्याचं हे सविस्तर उत्तर. तिकडे परदेशात तुमचा हाच व्यवसाय, त्यामुळे तुम्हाला हसू येईल. हसा, पण मधेच सोडू नका.

बसस्टँडसमोर चाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या माडीवर याचा कम्प्युटर क्लास. दारावरच्या पाटीवर नावाखाली इतक्या पदव्या होत्या की पेंटरला शेवटच्या दोन पदव्या बाजूच्या भिंतीवर रंगवाव्या लागल्या. भिंतीवरच्या पदव्या पावसानं पुसट झाल्या, तरी तोंडी त्या तो ठळक उच्चारी.

सर्व्हरबद्दल तो मुंबईतल्या वजनदार मामाबद्दल बोलावं तसा बोले. "सर्व्हर अमेरिकेत आहे आपला," असं म्हणताना हात बसस्टँडच्या दिशेनं करी. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीच्या यंत्रात भाड्याची एक चिमुकली जागा त्यानं घेतली होती, हे मला पुढे कळलं. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली की एसटी जितकी आपली होते, तितकाच तो सर्व्हर आपला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या समितीची सचिव झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे. आसपासच्या खेड्यांतल्या, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या दहावी झालेल्या मुली इथे राहून कॉलेज करतात. अर्ज कागदावर येत. प्रत्येकीची फाइल, तिच्यावर नाव, गाव आणि वर्ष, आणि फाइल कपाटात. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. पण शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेचे अर्ज ऑनलाइन झाले आणि आमच्या अध्यक्षांना रात्रीची झोप लागेना. काम या गृहस्थाकडे गेलं. विरोध कुणाचाच नव्हता, कारण दुसरा कुणी नव्हताच.

समितीसमोर त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं. अध्यक्षांचा फोटो निवडला, हात वर गेला, मनगट फिरलं, थाप पडली. पडद्यावर भलीमोठी हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली, 'आपली कागदपत्रे यशस्वीरीत्या प्राप्त झाली आहेत.' अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आपला फोटो अमेरिकेत पोचला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होता.

मला मात्र सवय वाईट. दुसऱ्या दिवशी मी एक कोरी फाइल पाठवून पाहिली. हिरवी खूण. मग काहीच न निवडता नुसतं बटण दाबलं. हिरवी खूण. मग इंटरनेटची वायर काढून दाबलं. तरी हिरवी खूण. मी जिना चढून त्याच्याकडे गेले.

"अहो, काही न पाठवताच प्राप्त झालं म्हणतंय हे."

"मंग चांगलंच आहे ना, मॅडम," तो म्हणाला. "लाल खूण पाह्यली का लोक घाबरून जातात. हिरव्यानं बरं वाटते."

"बरं वाटण्यासाठी दवाखाना आहे. कागद पोचला का, हे मला कळायला हवं."

"पोचते, मॅडम. तुमी लय टेन्शन घेता."

तुमच्या आईला यातलं कळत नाही, तिच्यासाठी सोपं करून सांगते. मुलीनं गुणपत्रिकेची फाइल पाठवली की ती थेट माजघरात येत नाही. आधी सर्व्हरच्या ओसरीवर बसते, तात्पुरती. तिथे सर्व्हरवरच्या प्रोग्रामनं तिची चौकशी करायची असते. आकार केवढा? स्वतःला कागद म्हणवतेस, पण आत खरंच कागद आहे की सिनेमाचं गाणं? चौकशीत पास झाली की तिला एक नवं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव द्यायचं आणि मग आत नेऊन ठेवायचं. नीट ठेवली गेली हे बघून, सगळ्यात शेवटी, पाठवणारीला सांगायचं की मिळालं बरं का. आमच्या गृहस्थानं ओसरी ते माजघर हा सगळा भागच गाळला होता. जे येईल ते, आणलेल्या नावानिशी, सरळ आत. हिरवी खूण तर पाहुणा दारात पोचायच्या आधीच.

"तपासत का नाही?" मी विचारलं.

त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. "आपलेच लोक आहेत, मॅडम. आपल्या लोकायची झडती कायले घ्यायची?"

"झडती नव्हे, तपासणी."

"तुमी शाळेतल्या आहा ना, तुमाले सगळ्यातच कॉपी दिसते."

पहिल्या वर्षी आपल्या लोकांनी काय काय पाठवलं ते ऐका. जातीच्या दाखल्याच्या जागी साखरपुड्याची पत्रिका आली. गुणपत्रिकेच्या जागी सोयाबीनवरच्या अळीचा फोटो आला, औषध विचारण्यासाठी काढलेला. एकीच्या भावानं शेळीला पिल्लं झाल्याचा लांबलचक व्हिडिओ पाठवला, आणि तो एवढा मोठा निघाला की दोन दिवस वेबसाइटच उघडेना. "सर्व्हर दमला," असं निदान आमच्या गृहस्थानं केलं. त्या वर्षी मी हट्टानं कागदही मागवले होते, म्हणून निभावलं. "हे कपाट नाही मॅडम, क्लाउड आहे," असं तो मला येता-जाता ऐकवी, आणि मी कपाटाची किल्ली त्याच्यासमोर जरा जोरात वाजवी.

घरीही तसाच. माझ्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर, आणि दार नुसतं नावाला, सदा उघडं. ज्याची शेवटची गाडी चुकली तो जऊळक्याचा असो की आसेगावचा, याच्या घरी जेवून क्लासच्या बाकावर झोपणार. एकदा एक अनोळखी माणूस तीन दिवस राहून गेला. बायकोनं विचारलं, हे कोण होते? हा म्हणाला, "मले वाटलं तुह्या माहेरचे." बायको शिवणकाम करी, आणि नवऱ्याला बोलताना तिचं मशीन थांबत नसे. "माह्या माहेरचे जाताना सांगून जातात," ती म्हणाली आणि शिलाई पुढे चालू.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी तुमच्याकडे होते. तुम्ही मला तो धबधबा दाखवायला नेलंत, प्लॅस्टिकचा निळा रेनकोट घालून माझे फोटो काढलेत, आणि नेमकं तेव्हा इथे समितीनं कागद बंद करून टाकले. नुसतं ऑनलाइन. मी परत आले तेव्हा प्रवेश पूर्ण झाले होते, खोल्या भरल्या होत्या आणि अध्यक्ष एका शोधाच्या आनंदात होते.

"मॅडम, मोठी टोळी पकडली," ते म्हणाले. "खोटे कागद पाठवणारी. या मुली पाहा. सगळ्याइनं एकाच पोरीची गुणपत्रिका जोडली. आसेगावची एक पोरगी आहे, तिची. सगळे अर्ज बाद करून टाकले."

"त्यांना विचारलंत?"

"चोराले काय विचारायचं?"

वसतिगृहाच्या फाटकाशी एक पत्र्याची पेटी होती, पेटीवर एक मुलगी बसली होती, आणि शेजारी तिचा बाप उभा होता. मुलीचं नाव पूनम. मानोऱ्याच्या पलीकडच्या तांड्यावरची. आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात ते उन्हाळ्यात परतत. आजीजवळ राहून पूनमनं दहावीला उत्तम गुण मिळवले होते. सायन्सला इथल्या कॉलेजात प्रवेशही मिळाला होता. फक्त राहायला जागा हवी होती, कारण तांड्यापर्यंत एसटी जात नाही. जागा नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर पुढच्या तोडीला कोयता तिच्याही हातात. बापानं मला हे तीन वाक्यांत सांगितलं, तक्रार न करता.

मी पूनमची मूळ गुणपत्रिका पाहिली. स्वच्छ, खरी, तिची. मग मी पूनम, तिचा बाप आणि अध्यक्ष अशा तिघांना घेऊन चाचांच्या दुकानावरचा तो जिना चढले.

आमच्या गृहस्थानं ऐटीत फोल्डर उघडलं. स्कॅन नावाची एकच फाइल. जेवढ्या मुलींनी चाचांकडे कागद स्कॅन केले होते, तेवढ्यांच्या अर्जापुढे ती एकच. त्यानं फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं, जणू मघाशी दार चुकलं होतं. फाइल एकच.

चाचा वर आले. त्यांना विचारलं तर त्यांची पद्धत साधी होती. मशीन प्रत्येक कागदाला 'स्कॅन' नाव देतं. पेन ड्राइव्हमध्ये टाकून द्यायचा, आपल्याकडचा पुसायचा, दुसरा घ्यायचा.

"चाचा, नाव तरी बदलत जा ना," हा म्हणाला.

"कायले बदलू? ज्याचा पेन ड्राइव्ह त्याची फाइल. माह्या दुकानातून आजवर एकाचा कागद दुसऱ्याले नाही गेला, बेटा. तू त्या सगळ्या एका जागी नेऊन ठेवल्या, मले विचारून ठेवल्या का?"

झालं होतं ते असं. पहिलीची स्कॅन आली, आत जाऊन बसली. दुसरीची स्कॅन आली, तेच नाव, म्हणून पहिलीला पुसून तिच्या जागी बसली. तिसरीनं दुसरीला पुसलं. शेवटी आसेगावची मुलगी आली आणि बिचारीला कल्पनाही नसताना सगळ्यांच्या डोक्यावर बसली. आणि दर वेळी, प्रत्येकीला, हिरवी खूण.

"सर्व्हरनं सांगायले पाह्यजे होतं," आमचा गृहस्थ पुटपुटला.

"तुम्ही त्याला विचारलं होतंत?" मी म्हणाले. मी आणखीही पुष्कळ बोलले असते. भाषण तयार होतं, अगदी मुद्द्यांसकट. पण तेवढ्यात पूनमचा बाप दोन पावलं पुढे आला. आवाज त्यानं मुळीच चढवला नाही.

"साहेब, पोरीनं मले मोबाइलवर हिरवी खूण दाखोली होती. मी आमच्या मुकादमालेही दाखोली, म्हणलं झालं पोरीचं काम. मंग आता जागा काहून नाही?"

आमच्या गृहस्थाला छताकडे पाहायची सवय, पण त्या दिवशी त्यानं तिकडे पाहिलं नाही.

मी समितीची बैठक बोलावली. टोळी नव्हती हे अध्यक्षांनी जड मनानं मान्य केलं. पण भरलेल्या खोल्यांतल्या मुलींचा काय दोष? त्यांना काढता येणार नव्हतं, आणि व्हरांड्यात गादी टाकायला नियम आड आला. बाद झालेल्या बाकीच्या मुलींपैकी काहींना वाशीमला जागा मिळाली, काहींनी एसटीचा पास काढला. पूनमला दोन्ही नव्हतं. बाप पेटी उचलायला वाकला. तेव्हा फाटकाशी उभा असलेला आमचा गृहस्थ म्हणाला,

"राहील पोरगी माह्या घरी."

घर केवढं, खोल्या किती, बायकोला विचारलं का? काहीही न तपासता, आलेल्या नावानिशी, सरळ आत! मी कपाळावर हात मारून घेतला.

बायकोचं शिवणमशीन त्या दिवशी मात्र थांबलं. "चूक तुमची, अन निस्तरायची मी," ती म्हणाली. "मले इचारलं होतं?" मग तिनं दारात उभ्या असलेल्या पूनमकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि बापाला म्हणाली, "भाऊ, आत या. आधी घर पाहून घ्या. मंग ठरवा."

आणि बापानं घर पाहिलं. इतकी कसून केलेली तपासणी मी शाळेच्या इन्स्पेक्टरचीही पाहिली नाही. कडी आतून लागते का, हे त्यानं स्वतः आत जाऊन, लावून पाहिलं. न्हाणीघराचं दार ओढून पाहिलं. मागच्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते विचारलं, मग पलीकडे जाऊन त्यांनाही विचारलं. खिडकीचे गज हलवले. गल्लीत दारू पिणारं कोणी आहे का? घरात पुरुष माणूस किती? मालक रात्री कुठे झोपतात? प्रत्येक प्रश्नाला आमचा गृहस्थ खाली मान घालून उत्तर देत होता, आणि एकदाही "आपलेच लोक आहेत" म्हणाला नाही.

"पाहा भाऊ, सगळं पाहा," बायको म्हणाली. "पाहायलेच पाह्यजे." हे म्हणताना ती बापाकडे पाहत नव्हती.

शेवटच्या प्रश्नाचा निकालही तिनंच लावला. नवऱ्याची वळकटी बांधून त्याच्या हातात दिली. "आतली खोली पोरीची. तुमी झोपा आता तुमच्या सर्व्हरवर."

त्या दिवसापासून तो चाचांच्या माडीवर, कम्प्युटरांच्या मधल्या बाकावर झोपू लागला. सकाळी वळकटी काखेत मारून घरी येई आणि स्वतःच्याच दाराबाहेर थांबून विचारी, "येऊ का?" आतून पूनमचं वाचन संपलेलं नसलं तर बायको म्हणे, "थांबा." मग तो गल्लीत उभा. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना वरून विचारी, "काय, सर्व्हर दमला का?"

"नाही मॅडम, पोट्टीचं फिजिक्स चालू आहे," तो हळू आवाजात सांगे आणि मलाही आवाज कमी करायची खूण करी.

चूक झाली असं तो कधी म्हणाला का? छे. तुझ्याशी, म्हणजे आमच्या नातवाशी, मी त्याची फोनवर गाठ घालून दिली. तू त्याला सगळं समजावून सांगितलंस: आधी तपास, नवं नाव दे, ठेवलं गेलं हे बघ, मग खूण दाखव. त्यानं दोन दिवस दार लावून काम केलं, आणि तिसऱ्या दिवशी समितीला म्हणाला, "मी एक नवीन सिस्टिम काढली आहे." तुझं नाव नाही, आभार तर नाहीतच. तपासणी मात्र त्यानं अशी कडक बसवली की पहिल्याच दिवशी अध्यक्षांचा फोटो परत आला. 'आकार प्रमाणापेक्षा मोठा आहे.' अध्यक्षांना ते शरीराबद्दल वाटलं. ते चिडून जिना चढून गेले आणि दम लागून परत आले.

पूनम त्या घरात बारावीपर्यंत राहिली. सुट्टीत बाप येई, आल्यावर कडी पुन्हा लावून पाही. बायकोनं तिला ब्लाऊज शिवायला शिकवलं आणि तिनं बायकोला इंग्रजीत सही करायला. बारावी झाली, नर्सिंगला यवतमाळला प्रवेश मिळाला. तिथल्या कॉलेजचा अर्ज भरताना तिनं गुणपत्रिकेला नाव दिलं, त्यात स्वतःचं नाव, बापाचं नाव, तांडा, तालुका आणि जिल्हा असं सगळं होतं. आमचा गृहस्थ म्हणाला, "येवढं मोठं कायले?" ती म्हणाली, "असू द्या, सर."

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो पुण्याला गेला. कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली. काय काम करतो विचारलं तर म्हणाला, "मोठी जबाबदारी आहे मॅडम, फोनवर नाही सांगता येत." महिन्याभरानं बायकोही मशीन घेऊन गेली. जाताना घराला तिनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. गल्लीत ते दार बंद असलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. पहिले काही दिवस लोक सवयीनं ढकलून पाहत.

मागच्या आठवड्यात पूनमचा बाप आला. तोडीला निघाला होता. मुकादमाचा ट्रक बसस्टँडवर थांबलेला, आणि याच्या डोक्यावर सीताफळांचं पोतं. तांड्यामागच्या डोंगरातली. कुलूप पाहून तो माझ्याकडे आला.

"सायेब कुठी गेले?"

मी सांगितलं. पुणे, नोकरी, दिवाळीशिवाय येणार नाहीत.

तो परत गेला आणि पोतं त्याच कुलूपबंद दारापाशी उतरवून ठेवलं.

"अहो, दोन दिवसांत पिकतील ती. खराब होतील," मी म्हणाले.

"होऊ द्या. त्याइच्यासाठी आणले, त्याइच्या दारात ठेवले," तो म्हणाला, आणि ट्रकचा हॉर्न वाजला म्हणून भराभरा निघून गेला.

मी पुण्याला फोन लावला. सीताफळांचं सांगितलं. मागून बायकोचा आवाज आला, "सगळ्या गल्लीले वाटून द्या म्हणा मॅडमले." आणि मग तो म्हणाला,

"मॅडम, एक माह्यासाठी ठेवा."

"दिवाळीपर्यंत टिकत नाही सीताफळ. एवढं तरी कळतं ना?"

"ठेवा तर खरं."

गल्लीत वाटली. चाचांकडे दिली, अध्यक्षांकडेही दोन पाठवली. एक ठेवलं. काल त्याच्यावर मुंग्या आल्या, तर बशीखाली पाण्याची ताटली ठेवली. आज ते सगळं काळं पडलंय आणि बसलंय. माझं स्वयंपाकघर कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळपासून दोनदा केराची टोपली जवळ ओढली आणि दोनदा परत जागेवर सरकवून ठेवली.